ह्यांचा पिवळा स्वेटर

लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा मला स्वयंपाक येत होता, शिवण येत होतं, पेटीवर दोन भजनं वाजवता येत होती. थंडी म्हणजे काय ते मात्र ठाऊक नव्हतं. माझं माहेर अमरावतीचं. तिथे थंडी पडली म्हणजे माणसं पहाटे एक चादर जास्त ओढतात आणि ऊन वर आलं की तीच चादर घडी करून ठेवतात. जबलपुरात दिवाळी सरली की नळाचं पाणी बोटं कापायला लागायचं. थंडीच्या पहिल्या आठवड्यात मी भांडी घासताना रडले. सासूबाईंना वाटलं सुनेला माहेर आठवलं. मी तसंच वाटू दिलं.

तेव्हा मध्यप्रांत होता, लढाई सुरू झालेली होती, आणि जबलपुरातल्या बायका दसऱ्यापासून होळीपर्यंत विणत असायच्या. आमचं घर आणि शेजारच्या भाभीजींचं घर यांना मागे एकच आवार होतं. दुपारची जेवणं उरकली की तिथे उन्हात सतरंजी पडायची. एका बाजूला शहपुऱ्याच्या मटाराच्या शेंगांचा ढीग, दुसऱ्या बाजूला लोकरीचे गुंडे. हात दमले की शेंगा सोलायच्या, शेंगा संपल्या की पुन्हा सुया उचलायच्या. रिकाम्या हातांनी बसणारी एकटी मीच. पाहुणी बसते तशी बसायचे, मटार सोलायचे आणि सोललेले खायचे.

‘सूनबाई, असे मटार खाऊन राहिलीस तर रात्रीला भाजी काहून पुरंल?’ सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या मांडीवर लोकरीचा एक गुंडा टाकला. ‘हे घे. नवऱ्यासाठी स्वेटर विण. हाताला काम राहील, तोंडाला विसावा.’

लोकर फार सुरेख होती. लोण्यासारखी मऊ, फिक्या पिवळ्या रंगाची. लढाईमुळे चांगली लोकर मिळेनाशी झालेली. सासूबाईंनी कांचघर मोहल्ल्यातल्या कुण्या ओळखीच्या बाईकडून महिनाभर चिकाटीने मागे लागून ती मिळवली होती. पुरुषाच्या अंगावर हा रंग कसा दिसेल असं मनात आलं, पण नव्या सुनेने रंगावर बोलायचं नसतं. शिवाय मला आनंदच झाला होता. लग्नाला सहा महिने झालेले, माणूस चांगला निघालेला, त्याच्यासाठी आपल्या हाताने काही करायला मिळतंय. आता सांगायला लाज वाटते, पण त्या गुंड्याला मी गालाला लावून पाहिलं होतं.

मग सुरू झालं शिक्षण. आताच्या मुली पुस्तक उघडतात, नमुना बघतात आणि गुपचूप विणतात. आमच्या सतरंजीवर पुस्तक नव्हतं, तिघी गुरू होत्या, आणि तिघींचं एकमेकींशी एका गोष्टीवर पटत नव्हतं.

पहिल्या सासूबाई. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडे आलेलं, त्यामुळे आपण जबलपूरच्या जुन्या आणि तुम्ही अमरावतीवाले कालचे, असा त्यांचा एक सूर असायचा. त्यांचा नियम असा की उलट्या टाक्यांच्या ओळीत बोलायचं नाही. सुलटी ओळ डोळे मिटून जाते, उलटी ओळ माणसाला फसवते, म्हणून तेवढा वेळ तोंड बंद. परिणाम असा की त्यांचं बोलणं ओळीओळीने यायचं. ‘ती धाकटी सून आहे ना त्यांची, तिनं काल सासऱ्यासमोर...’ आणि ओळ संपली की गप्प. आम्ही शेंग हातात धरून बसायचो. पुढची सुलटी ओळ आली की, ‘...सरळ उत्तर दिलं बघा.’ एवढ्यासाठी जीव टांगणीला.

दुसऱ्या भाभीजी. त्या हिंदी बोलायच्या, मराठी सगळी कळायची, आणि टाके मोजणाऱ्या बाईला त्या माणसात धरत नसत. ‘गिनती बनिया करता है, बहू. उँगली से पूछो, उँगली सब जानती है.’ माझ्या बोटाला मी फार विचारलं. त्याने काही सांगितलं नाही.

तिसऱ्या मास्तरीणबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, पुण्याच्या, आमच्याच गल्लीत एकट्या राहायच्या आणि सुट्टीच्या दिवशी सतरंजीवर यायच्या. त्या प्रत्येक ओळीचे टाके मोजायच्या, मोठ्याने, आणि कुणी मध्ये बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. ‘तुमचा डावा हात सैल आहे आणि उजवा घट्ट,’ त्यांनी मला तपासून सांगितलं. ‘दोघांची सरासरी बरोबर येते, पण स्वेटर सरासरीने होत नाही.’

सुया कुठल्या होत्या ते सांगायलाच हवं. पोलादी सुया बाजारात नव्हत्या, म्हणून मामंजींच्या मोडक्या छत्रीच्या काड्या घासून गुळगुळीत केलेल्या. मामंजींना हे ठाऊक नव्हतं. ते पुढे पावसाळ्यात कळलं तेव्हा ते इतकंच म्हणाले की सगळं घर उबदार आणि मी भिजतो.

मी शिकले. टाका सुटायचा, खाली पळायचा, मी त्याच्यामागे पळायचे. सुलट्याचं उलटं व्हायचं. मधूनच एक भोक पडायचं, आणि मी ते सासूबाईंना दाखवलं की त्या चष्मा वर करून पाहायच्या आणि म्हणायच्या, ‘असू दे, असू दे. चालते.’

भाभीजीही तेच म्हणायच्या. मास्तरीणबाई, ज्या शाळेत अर्ध्या गुणासाठी मुलींना रडवायच्या म्हणे, त्यादेखील माझी वाकडी पाठ पाहून म्हणाल्या, ‘चांगली प्रगती आहे.’ मला वाटलं जबलपूरच्या बायका फार मोठ्या मनाच्या. माहेरी पत्र लिहिलं तर त्यातही तसंच लिहिलं.

माप घेण्याचा प्रसंग वेगळाच. नवऱ्याच्या छातीला दिवसाढवळ्या वीत कशी लावायची? घरात मामंजी, सासूबाई. मग मी खुंटीवर टांगलेल्या त्यांच्या कोटाचं माप घेतलं. कोट जाड होता आणि तो बनवताना शिंप्याने पुढच्या दहा वर्षांचा विचार केलेला दिसत होता. माझा स्वेटर त्या कोटाबाहेरून घालता आला असता. हे मला बाह्या जोडताना कळलं आणि मी रडकुंडीला आले.

‘आता काय करू? हा तर दोन माणसांचा झाला.’

सासूबाईंची नेमकी उलटी ओळ चालू होती, त्या बोलल्या नाहीत. भाभीजी मात्र हसून बोलून गेल्या, ‘अरे रहने दो बहू, उधेड़ना ही तो है.’

उसवायचंच तर आहे.

भाभीजींनी जीभ चावली. मास्तरीणबाईंनी मान खाली घालून मोजायला सुरुवात केली, पण हातात सुयाच नव्हत्या, त्या मटार मोजत होत्या. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं की मी सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. मला राग आला की मी बोलत नाही, उठून जाते. तशी उठले, स्वेटर तिथेच टाकला, आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक तिंबायला घेतली. ती कणीक त्या दिवशी फार चांगली मळली गेली.

थोड्या वेळाने सासूबाई आल्या आणि समोर पाटावर बसल्या. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, बरगीकडे दिलेली. तिचे यजमान तिथे एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, कारकून होते. वन्संना दिवस गेले होते हे मला माहीत होतं. आधीची दोन बाळं राहिली नव्हती हेही कानावर होतं. दोन्ही थंडीतच गेली. त्यापुढचं सासूबाईंनी त्या दिवशी सांगितलं.

‘पहिल्या वेळी मी हौसेनं सगळं नवं करून ठेवलं होतं. झबली, टोपडी, मोजे, दुपटी. पेटी भरली होती माझी. लोक म्हणत होते, मूल यायच्या आधी नवं करू नये, जन्मल्यावर जुनेर घालावं. मी ऐकलं नाही. ते सगळं तसंच घडी केलेलं मला वाटून टाकावं लागलं.’ त्यांनी परातीला लागलेली कणीक नखाने काढली. ‘तेव्हापासून ती पोरगी लोकर दिसली की उठून जाते.’

म्हणून ही युक्ती. बाळाच्या नावाने लोकर घरात आणायची नाही. बाळाच्या नावाने एक टाका घालायचा नाही. पण थंडीत जन्मलेल्या लेकराच्या अंगाला मऊ लोकर तर हवी, आणि ह्यांचे जुने स्वेटर म्हणजे नुसती घोंगडी. तेव्हा बाळाला शोभेल अशी लोकर आणायची, तिचा स्वेटर ह्यांच्यासाठी विणायचा, ह्यांनी तो बाळ येईपर्यंत वापरायचा, म्हणजे लोकर जुनी होते. बाळ सुखरूप आलं की स्वेटर उसवायचा आणि विणायला बसायचं. सासूबाईंनी स्वतः विणला असता तर वन्संना लगेच संशय आला असता. नवी सून नवऱ्यासाठी विणते आहे म्हटल्यावर कोण काय म्हणणार?

‘मग मला काहून नाही सांगितलं?’ मी विचारलं.

‘तू मन लावून विणणार नाहीस म्हणून.’

‘मन लावून विणलेलं उसवायचं?’

‘हो,’ सासूबाई म्हणाल्या. त्या म्हाताऱ्या बाईला माझ्या रागाची गंमतही वाटत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं. मी कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि उरलेली बाही जोडायला बाहेर गेले. राग गेला नव्हता. पण त्या पेटीतली ती नवी टोपडी माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

स्वेटर पुरा झाला आणि खरी पंचाईत पुढे होती. तो ह्यांना घालायला लावायचा, आणि का ते सांगायचं नाही. ह्यांच्या पोटात काही राहत नसे. बहिणीसमोर कधी काय बोलून जातील त्याचा नेम नव्हता. मी तो पुढे केला तेव्हा ह्यांनी आधी तो पाहिला, मग मला पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. पण लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, बायकोच्या हातचा पहिला स्वेटर, काय करतील बिचारे. घातला. बाह्या दोनदा दुमडल्या. खाली गुडघ्यापर्यंत आला नाही इतकंच.

ह्यांची नोकरी कचेरीत. पहिल्याच दिवशी तिथे कुणीतरी विचारलं की लग्नाची हळद अजून उतरली नाही वाटतं. संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी तो खुंटीला टांगला आणि म्हणाले, ‘ऊब छान आहे. घरात घालत जाईन.’

घरात घालून लोकर जुनी व्हायला होळी उजाडली असती. दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत स्वेटर घेऊन धावले. ‘थंडी आहे, घाला.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा. ‘काहून रोज रोज हाच?’ ह्यांनी विचारलं. मी खाली मान घातली. खाली मान घालणं हे त्या वयात सगळ्या प्रश्नांचं उत्तर असायचं, आणि मला ते छान जमायचं.

इकडे सतरंजीवर वाद सुरू झाला. जुना म्हणजे किती जुना? भाभीजींचं म्हणणं, एक बार धुल गया तो पुराना. मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘वापरलेला असं म्हटलंय. किती वापरलेला हे कुठे म्हटलेलं नाही, तेव्हा एक दिवसही पुरे.’ सासूबाईंना दोन्ही मान्य नव्हतं. कोपराला विरळ झाल्याशिवाय त्या कशालाच जुनं म्हणत नसत, माणसांनासुद्धा. एका दुपारी ह्यांनी कचेरीत त्याच्यावर शाई सांडून घेतली आणि चोरासारखे घरी आले. सासूबाईंनी डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की हे बघतच राहिले. ‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, ‘फार बरं झालं.’ आईला आपला स्वेटर मनातून आवडत नाही, असा ह्यांनी त्याचा अर्थ काढला आणि माझी समजूत घालायला आले.

मार्गशीर्षात वन्सं बाळंतपणाला आल्या. बरगीहून बैलगाडीने, गवतावर गाद्या घालून, सावकाश. उंच, रेखीव, जिभेला धार. लग्नात पाहिल्या होत्या तेव्हा त्यांनी सगळ्या मांडवाला हसवलं होतं. आता त्या फारशा बोलत नव्हत्या. मागच्या आवारात सतरंजी पडली की त्या पुढच्या ओसरीत जाऊन तांदूळ निवडत बसायच्या, निवडलेले पुन्हा निवडायच्या. पोटावर हात ठेवलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नाहीत. पुढच्या महिन्याचं काही बोलणं निघालं की त्या उठून पाणी प्यायला जायच्या. घरात सगळे त्यांच्याभोवती असे वावरत होते की जणू काही होणारच नाहीये, आणि सगळ्यांचं सगळं लक्ष तिकडेच.

आल्याच्या दिवशी संध्याकाळी हे कचेरीतून आले. वन्संनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘काय रे,’ त्या म्हणाल्या, ‘ह्याच्यात तू एकटाच आहेस ना?’

आणि हसल्या. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्या हातातली पळी तशीच धरून दारात आल्या. मुलीचं हसणं ऐकायला आल्या होत्या. हे मात्र बहिणीला म्हणाले, ‘हस. तुझ्या भावजयीने विणलाय. कचेरीत सगळ्यांना सांगितलंय मी.’ तेव्हा मला त्या माणसाची दया आली आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मला ह्यांच्यासाठी एक दुसरा, मापाचा स्वेटर विणायचा होता. लोकर नव्हती.

पौषात अशी थंडी पडली की शहपुऱ्याकडे पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडून मटार जळाला आणि बाजारात शेंग दिसेनाशी झाली. त्या दिवसांत एका सकाळी वन्संना कळा सुरू झाल्या. वेळ झालेली नव्हती, बराच अवकाश होता. सुईण आली, पाणी तापलं, मामंजी ओसरीत येरझारा घालायला लागले. दुपारी मुलगी झाली. रडली, पण अगदी बारीक. सुईणीने तिला कापसात आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलं, शेगडी जवळ ओढली आणि म्हणाली की बाकी ठीक आहे, पण डोकं उघडं ठेवू नका, ऊब डोक्यातून जाते. जुनी शाल होती, गोधड्या होत्या, पण डोकं केवढं, माझ्या मुठीएवढं. त्यावर काही ठरेना. बांधलं की सुटायचं, गुंडाळलं की नाकावर यायचं.

आणि स्वेटर कचेरीत होता. ह्यांच्या अंगात.

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतका विचार केलेला, कोपर विरळ होण्याची वाट पाहिलेली, आणि बाळ दिवसाउजेडी कचेरीच्या वेळात येईल हे एकीलाही सुचलं नाही. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मास्तरीणबाई आमच्याकडेच होत्या. त्यांनी पदर खोचला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन टांगा थांबवला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की पाहिल्यासारखंच आहे. मास्तरीणबाई कचेरीच्या व्हरांड्यात चढल्या. तिथे बाई आलेली कुणी पाहिली नव्हती, सगळे कारकून उभे राहिले. ह्यांच्या टेबलासमोर जाऊन त्या म्हणाल्या, ‘मुलगी झाली. बहीण बरी आहे. स्वेटर काढा.’

ह्यांनी काही विचारलं नाही. काहून म्हणाले नाहीत, रोज म्हणत तसं. हात वर करून तिथल्या तिथे काढून दिला. नंतर मी विचारलं की तुम्हाला नवल नाही वाटलं? तर म्हणाले, मास्तरीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर वाटलं, हा काय, सदराही मागितला असता तर दिला असता.

स्वेटर घरी आला तो अजून गरम होता. भाभीजींनी बाहीचं टोक शोधून ओढायला सुरुवात केली. मी पाठीचा कणा मोडून आठवडाभर विणलेली बाही भराभरा उसवत होती, आणि मला गंमत वाटत होती की त्यात माझं प्रत्येक भोक कुठे आहे ते मला पाठ होतं. मास्तरीणबाई गुंडा करत होत्या. भाभीजींनी टाके घातले, न मोजता. त्यांचा हात सगळ्यांत जलद, पण त्यांचेही टाके सुटायला लागले, म्हणून काही ओळींनंतर सासूबाईंनी सुया घेतल्या. मग मास्तरीणबाईंनी. मग मी. दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला सुई हातात धरू नये असं सासूबाई मला रोज बजावायच्या; त्यांनी स्वतः कंदील आणून माझ्याजवळ ठेवला आणि म्हणाल्या, ‘विण.’ उलट्या ओळीत आणि सुलट्या ओळीत, कुणीच बोलत नव्हतं. आतून ते बारीक रडणं ऐकू यायचं, आणि थांबलं की आमचे हातही थांबायचे.

टोपडं झालं. फार वाईट दिसत होतं. मध्ये एक पट्टा घट्ट, एक सैल, वर भाभीजींची टोकदार शेंडी आणि एका कानावर कचेरीची निळी शाई. पण डोक्यावर बसलं आणि बसून राहिलं. सासूबाईंनी ते नेऊन घातलं तेव्हा मी दाराशी उभी होते. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाळ झाल्यापासून त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्यांनी हळूच मान वळवली, लोकर पाहिली, आणि आता त्या उठून जातील की काय असं मला वाटलं. बोट पुढे करून त्यांनी तो पिवळा काठ चाचपला.

‘हा तर त्याचा स्वेटर,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘त्यानं मग काय घातलं?’

हे तेव्हाच घरी येऊन ओसरीत शेकोटीपाशी कुडकुडत बसले होते, मामंजींचं घोंगडं पांघरून. मी तसं सांगितलं. वन्संनी मान पुन्हा भिंतीकडे केली, पण या वेळी बाळाला कुशीत ओढून घेऊन.

पुढचे दिवस मी लवकर उरकते, कारण ते फार हळू गेले. शेगडी विझू दिली नाही. मुलगी प्यायची, दमायची, झोपायची. बारसं साधंसंच केलं. कुणी ‘गोड आहे’ म्हणालं नाही, कुणी ‘वाढली’ म्हणालं नाही. वन्सं तिचं सगळं करायच्या, पण उद्याचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. दूध उद्या जास्त घ्यायचं का, एवढंही विचारलं तरी त्या ‘बघू’ म्हणायच्या. दुसऱ्या बाहीचे मोजे आणि झबलं झालं. स्वेटरचं मधलं धड उरलं, ते ह्यांनी मागून घेतलं आणि सदऱ्यावर घालायला लागले. बाह्या गेल्यावर तो पहिल्यांदा बरा दिसला, हे मास्तरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं.

फाल्गुन लागला. ऊन तापायला लागलं, सतरंजी सावलीत सरकली. आम्ही सुया पुसत होतो, गरम कपड्यांत कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवत होतो. सव्वा महिना कधीच उलटला होता. वन्सं मागच्या दारातून बाहेर आल्या. मुलगी खांद्यावर होती, डोळे उघडे, टोपड्याशिवाय. इतक्या दिवसांत वन्सं या सतरंजीवर कधी आल्या नव्हत्या. भाभीजींनी सरकून जागा केली. वन्सं बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि कमरेला खोचलेली पुडी काढून समोर ठेवली. तिच्यात लाल लोकर होती. नवी, भेटीला आलेल्या त्यांच्या यजमानांनी बरगीला परतताना दुकानातून घेऊन पाठवलेली. सांगून मागवलेली.

‘मला शिकव,’ त्या मला म्हणाल्या.

मला? मी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, सांग. मी छत्रीच्या काड्या वन्संच्या हातात दिल्या, पहिला फास कसा टाकायचा ते दाखवलं. त्यांचा डावा हातही सैल होता. मला बरं वाटलं.

‘सर्दी तो गई, दीदी,’ भाभीजी म्हणाल्या. ‘अब किसके लिए?’

‘हिच्यासाठी.’

‘तर मग थोडेच टाके पुरतील,’ मी म्हणाले. ‘टोपड्याला घातले होते तेवढे. माप आहे आपल्याजवळ.’

‘ते नको,’ वन्सं म्हणाल्या. त्या सुयांकडे बघत होत्या, वर बघत नव्हत्या. ‘आताच्या मापाचं नको. पुढच्या हिवाळ्याच्या मापाचे किती होतात ते सांग.’

मास्तरीणबाई बोटांवर मोजायला लागल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. सासूबाई ट्रंकेवर वाकलेल्या होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. मूल यायच्या आधी पेटीभर नवं करून ठेवलेली आणि ते सगळं वाटून टाकलेली ती बाई. मला वाटलं त्या आता म्हणतील, बाई गं, एवढ्यात नको. त्या कितीतरी वेळ तशाच वाकून कडुलिंबाचा पाला सारखा करत राहिल्या.

‘ढगळच कर,’ मग त्या म्हणाल्या, मागे न वळता. ‘पोरी भराभर वाढतात.’